कमी उंचीचा पिस्टन

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर मलाच वाईट वाटेल. पण मी एकदा डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून, डिझेल इंजिनाचा पिस्टन निवडला. पिस्टनला हातही न लावता. लायनर, म्हणजे ज्याच्या पोटात पिस्टन वरखाली धावतो तो बिडाचा नळा, डाव्या हाताच्या बोटांवर टांगला, उजव्या हाताच्या पेराने त्याला एक टिचकी मारली, कान लावला, आणि भर दुकानात सांगितलं, की हे किट चालायचं नाही, यातला पिस्टन पाऊण मिलिमीटरने उंच आहे. दुकानदार स्टुलावरून उठून उभा राहिला. अशी ही हकिकत आहे. मला थापाड्या मिस्त्री म्हणतात ते काही उगीच नाही. एका ट्रकच्या खोकल्यावरून त्याच्या ड्रायव्हरचं सकाळी बायकोशी भांडण झालंय हे मी ओळखलं होतं, आणि एका पंपाला शिव्या देऊन सुरू केलं होतं, तेही शिव्या संपायच्या आत. चाळीस वर्षं असलं काहीबाही मी चहाबरोबर फुकट वाटत आलो. पण या एका गोष्टीत गोम आहे. तिच्यातला निकाल खरा आहे. पिस्टन खरोखरच पाऊण मिलिमीटरने उंच होता. थाप आहे ती फक्त कानाची.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी आणि माझी पुतणी सुट्या भागांच्या दुकानात उभे होतो. दुकान म्हणजे एक लांबट बोळच. दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोके, आणि सगळ्यावर तो वास, गंज लागू नये म्हणून फासलेल्या घट्ट तेलाचा, जो एकदा कपड्यांत शिरला की बायको दारातच ओळखते. पुतणीच्या हातात वही होती. तिची वही म्हणजे आमच्या वर्कशॉपचा मेंदू. मी बोटाने चाचपून जे सांगायचो ते ती मापून लिहून ठेवते, आणि आमच्या दोघांत फरक निघाला तर तोंडाने काही न बोलता वही माझ्यापुढे सरकवते. इंजिन तिच्या बापाचं होतं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं. नदीच्या या काठावरून त्या काठाला माणसं नेणारी त्याची लाँच आहे. इंजिन तीन सिलिंडरचं, जुनं, पार झिजलेलं; धूर असा सोडायचं की उतारू नाकाला रुमाल लावून बसायचे. शुक्रवारी परवान्याची तपासणी होती. शुक्रवारी इंजिन धडधाकट चाललं नाही, तर फेरीचा परवाना दुसऱ्याला जाणार, आणि तिघेजण त्यासाठी टपून बसलेले. भाऊ बासष्ट वर्षांचा. लाँच गेली तर त्याच्यापाशी काय उरतं? दोन हात, आणि एक टोपणनाव. त्या टोपणनावाकडे मी येणारच आहे, पळून जात नाही.

पुतणीने इंजिनाच्या पट्टीवरचा नंबर वाचून दाखवला. दुकानदाराने शिडी लावली, वरून दोन खोके काढले, आणि दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. अगदी जुळे भाऊ. "एकाच नंबरची दोन किट येतात, ताई," तो म्हणाला. "लायनर तोच, रिंगा त्याच, पिन तीच. फक्त याचा पिस्टन कमी उंचीचा." मग खोक्यावरची धूळ फडक्याने पुसता पुसता, चहात साखर किती विचारावी तितक्या सहज, त्याने विचारलं, "ब्लॉक घासलेला आहे का?"

एवढंच. रोज दहा गिऱ्हाइकांना तो हे विचारत असेल. इंजिन फार तापलं की ब्लॉकचा, म्हणजे लायनर ज्यात बसतात त्या बिडाच्या धडाचा, वरचा चेहरा वाकतो, मग मशिनवर तो घासून सपाट करतात. घासला की ब्लॉक तेवढा बुटका होतो, आणि जुन्याच उंचीचा पिस्टन घातला तर तो वर आल्यावर ब्लॉकवर आवळलेल्या झाकणाला, म्हणजे हेडला, भिडायला जातो. पिस्टन आणि हेड यांच्यात मुळात अंतर असतं ते नखाच्या जाडीएवढं. त्यातून पाऊण मिलिमीटर गेलं तर उरतं काय? थंड इंजिन हाताने फिरवलं तर कदाचित निभावेलही. पण तापून, वेगाने, तीस माणसं घेऊन मधल्या धारेत असताना लोखंडाचा लोखंडाला मुका बसतो, आणि त्यानंतरची शांतता मला चांगली माहीत आहे. मी ती काठावर उभं राहून ऐकलेली आहे.

"नाही," पुतणी म्हणाली. "घासलेला नाही. आमच्या घरचीच लाँच आहे, मला माहीत असतं ना."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी फडक्याकडे पाहत होतो. फडकं कोणाच्या तरी जुन्या सदऱ्याचं होतं, त्याला अजून एक बटण होतं, आणि दुकानदार पुसत असताना ते बटण खोक्याच्या पुठ्ठ्यावर टक टक करत होतं. थंड होत जाणारं इंजिन असंच टकटकतं. बावीस वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी धक्क्याला बांधलेल्या लाँचमध्ये मी बसलो होतो आणि माझ्या पायाखाली ते टकटकत होतं, आणि मी त्याला, इंजिनाला, हळू आवाजात म्हणत होतो, गप, गप बस. खरं तर तेवीस वर्षं झाली असतील. खोटं जुनं झालं की मी त्याचं एखादं वर्ष कमी करतो. बायकांच्या वयाबद्दल उगाच बोलतात लोक. त्या संध्याकाळी मी नदीचं पाणी इंजिनात घेणारी तोटी बंद करून तिची जाळी साफ केली. जाळी साफ झाली. तोटी उघडायची राहिली. का राहिली? तर धक्क्यावर चारजण बसले होते आणि मी त्यांना गोष्ट सांगत होतो. कोणती ते आठवत नाही. तिच्यात एक मासा होता, तो दर खेपेला वाढत गेला, एवढं आठवतं. गोष्ट सांगता सांगता मी इंजिन चालू केलं, आणि ते वीस-बावीस मिनिटं कोरडं चाललं, आणि ती माणसं हसत होती, आणि मला त्यांच्या हसण्यात इंजिनाचा बदललेला आवाज ऐकू आला नाही. मला! ट्रकच्या खोकल्यावरून भांडण ओळखणाऱ्याला. वास आला तेव्हा मी उडी मारून तोटी उघडली. तापलेल्या बिडावर गार पाणी. तो जो आवाज झाला तो मी कोणत्याच गोष्टीत कधी वापरलेला नाही.

मग मी इंजिन बंद केलं, चौघांना म्हणालो, बाकीची गोष्ट उद्या, आणि घरी गेलो. त्या वेळी काही ठरवलं नव्हतं, हे मी कोणापुढेही सांगेन. माणूस खोटं बोलायचं ठरवत नाही. तो फक्त जेवतो, हात धुतो, झोपतो, आणि सकाळी उशीर झालेला असतो. सकाळी धाकट्याने पहिली फेरी काढली. मधल्या धारेत इंजिन अडलं. कोणी बुडालं नाही, कोणाला लागलं नाही, दुसऱ्या लाँचने ओढून आणलं. पण तीस माणसं अर्धा तास मधल्या पाण्यात आडवी वाहत गेली, आणि सगळा धक्का बघत होता. वडिलांनी हेड उघडलं. चिरलेलं हेड हातात धरून ते म्हणाले, "कोरडं चालवलंस. नंतर घाबरून तोटी उघडलीस." धाकटा म्हणाला, "नाही हो, मी निघतानाच उघडली होती." त्याला अर्थातच हे कळलं नव्हतं, की तोटी आदल्या संध्याकाळपासून उघडीच होती, रोजच्या सवयीने त्याने ती फिरवली असणार, ती फिरली नसणार, आणि फिरलेल्या-न फिरलेल्या गोष्टी हाताच्या लक्षात राहत नाहीत. वडील माझ्याकडे वळले. मी मोठा. मी मिस्त्री. मी काय म्हणालो? मी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणालो, "घाबरल्यावर माणसाला आठवत नाही रे." माझ्या साऱ्या आयुष्यातली सगळ्यांत छोटी थाप. ना तीत मासा, ना ट्रक. आणि तीच तेवढी लागू पडली. कारण धाकट्याने माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि त्याचा स्वतःवरचा विश्वास उडताना मला दिसला. तो म्हणाला, "असेल. दादा म्हणतो तर असेल."

वर्कशॉप दोघांचं व्हायचं होतं. वडील म्हणाले, ज्याच्या हातून घरचं इंजिन जळलं त्याच्या हाती लोकांची इंजिनं द्यायची नाहीत. वर्कशॉप माझं झालं, लाँच त्याची. धक्क्यावर त्याचं नाव पडलं 'कोरडा'. अजून आहे. उतारूसुद्धा म्हणतात, कोरड्याची लाँच लागली का? आणि तो हसतो, आणि इंजिन सुरू करण्याआधी तोटीला तीनदा हात लावतो. एकदा उघडायला, एकदा उघडली का बघायला, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते मला माहीत आहे. वडिलांना मी कळू दिलं नाही की नुसतं हेडच गेलेलं नाही, ब्लॉकही वाकलाय. ब्लॉक शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अनोळखी कारखान्यात नेला, पाऊण मिलिमीटर घासून आणला, पिस्टनचे माथे लेथवर तेवढेच उतरवले, आणि सगळं बंद करून रंग मारला. या खेपेला इंजिन उघडलं तेव्हा ते जुने पिस्टन, पुतणीचं माप त्यांना लागण्याआधी, मीच भंगारात घातले. मला मूलबाळ नाही. वर्कशॉप शेवटी तिचंच होणार आहे, म्हणजे फिरून धाकट्याच्या घरी जाणार आहे, असा हिशोब मी रात्री कुशीवर वळताना स्वतःला सांगत आलो. ती थापही बरी होती. झोप यायची.

"मग हे साधं किट बांधू?" दुकानदार म्हणाला. "तेलकागद फाडला की परत घेत नाही, आधीच सांगतो. आणि कमी उंचीचं हे एकच राहिलंय, दुपारी एकजण न्यायला येणार आहे. पुढचं आठ दिवसांनी."

आठ दिवसांनी शुक्रवार होऊन गेलेला असणार. गप्प बसलो असतो तर काय झालं असतं? ती हुशार आहे. जोडणी करताना पिस्टनच्या माथ्यावर शिशाची तार ठेवून, ती किती चेपते ते मापून, अंतर काढल्याशिवाय ती हेड आवळत नाही. तिला कळलं असतं. पण कळून उपयोग नव्हता, दुकानात किट नसतं, आणि लाँच गेली असती. आणि खरं बोललो असतो तर? मी बोलायला तोंड उघडलंही. जीभ टाळूला लागली, 'घा' म्हणण्याच्या बेतात होती. घासलाय. चार अक्षरं. पण त्या चार अक्षरांमागे लगेच दुसरा प्रश्न उभा होता, कधी घासला, आणि त्याच्या मागे तिसरा, का, आणि त्या तिसऱ्याच्या मागे धाकटा उभा होता, तोटीला हात लावून. तोंडात तेलाची चव आली. आणि मग मी जन्मभर जे केलं तेच केलं. मी म्हणालो, "थांबा. लायनर काढा जरा."

"कशाला?"

"ऐकायचाय."

दुकानदार पुतणीकडे पाहून डोळ्यांनी हसला. लायनर जड असतो. माझी बोटं कळवळली. मी टिचकी मारली. चांगलं बीड होतं, चिरलेलं नव्हतं, आवाज स्वच्छ आणि लांब निघाला आणि बोळाच्या टोकापर्यंत गेला. त्यासाठीच वाजवतात लायनर, चीर कळावी म्हणून. त्याहून जास्त तो काही सांगत नाही. मी डोळे मिटून उभा होतो, आणि आवाज विरत विरत अगदी बारीक झाला तेव्हा मला वाटलं, आता हा संपू नये. संपला की बोलावं लागणार.

"हे नको," मी म्हणालो. "हा पिस्टन पाऊण मिलिमीटरने उंच पडेल. कमी उंचीचं द्या."

"काका, अहो पुस्तकात सरळ लिहिलंय, ब्लॉक घासला असेल तरच..."

"पुस्तकाला कान असतात का?"

"मिस्त्री, लायनर पिस्टनबद्दल चुगल्या करतो होय?" दुकानदार म्हणाला. "मग आमच्या मेहुण्याला आणतो एकदा, तो पण पोकळच आहे, वाजवून बघा."

आम्ही हसलो. पुतणी हसली नाही. तिने वही मिटली, पेन्सिल कानामागे खोचली, आणि म्हणाली, "ठीक आहे. तुमच्या जबाबदारीवर. पण नाही जुळलं, तर बाबांना तुम्ही सांगायचं. मी नाही." मी म्हणालो, हो. किती सहज म्हणालो!

जोडणीला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिने शिशाची तार ठेवली, इंजिन हाताने फिरवलं, चेपलेली तार काढून मापली. पुन्हा ठेवली, पुन्हा मापली. मी पाठमोरा उभा राहून आधीच स्वच्छ असलेले नट-बोल्टचे पाने पुसत होतो. अंतर तंतोतंत आलं होतं, पुस्तकात हवं तेवढंच. शाबासकी मिळावी असा क्षण. तिने वहीत आकडा लिहिला, मग लांब पट्टी घेऊन ब्लॉकची उंची खालून वरपर्यंत मापली, तोही आकडा लिहिला, आणि त्या दोन आकड्यांकडे इतका वेळ पाहत राहिली, की मला तिच्या आजोबांची आठवण झाली. वही तिने माझ्यापुढे सरकवली नाही.

शुक्रवारी लाँच निघाली. तपासनीस मागच्या बाकावर, नाकावर चष्मा, मांडीवर कागद. नेहमीचे सात-आठ उतारू हौसेने चढलेले. धक्क्यावरून कोणी तरी ओरडलं, "ए कोरड्या, तोटी बघितलीस का?" धाकट्याने हात वर केला, हसला, तीनदा बघितली, आणि इंजिन सुरू केलं. काय चाललं हो! धूर नाही, खोकला नाही, नुसती एक गोल घरघर, पायाच्या तळव्यांतून वर चढणारी. मधल्या धारेत आलो तेव्हा तपासनीस स्वतःहून म्हणाला, "छान बांधलंय. कोणी बांधलं?" आणि धाकटा, सुकाणूवरून मान वळवून, लहानपणी म्हणायचा तशा अभिमानाने म्हणाला, "आमच्या दादाने. त्याच्या कानाची गोष्ट ऐका तुम्ही."

मग माझा काय इलाज होता? मी सांगितली. लायनर टांगला, टिचकी मारली. सांगता सांगता लायनर दुप्पट जड झाला, दुकानदार स्टुलावरून नुसता उठला नाही, तर पडला; आवाजातून मला पिस्टनची उंची कळली, वर पिस्टन ओतणाऱ्या कामगाराला त्या दिवशी सर्दी होती हेही कळलं. उतारू हसत होते. तपासनीस चष्मा काढून डोळे पुसत होता, आणि त्याने कागदावर सही केली. परवाना राहिला. सगळं साधलं होतं. धाकटा हसत होता, वाऱ्याने त्याचे पांढरे केस उभे राहिले होते, आणि मला वाटलं की आता इथे, या हसण्यात, हे सगळं बुडून जाईल, आणि मी म्हणालो, "ब्लॉकला कोणी कधी हात लावलेला नाही, आणि तरी, बघा, लायनर काय ते बोलला!"

"खोटं आहे, काका."

पुतणी इंजिनाच्या झाकणावर बसली होती. तिने आवाज चढवला नव्हता.

"लायनर वाजवून पिस्टनची उंची कळत नाही. ब्लॉक घासलेला आहे. मी मापलाय, पाऊण मिलिमीटर. आणि तुम्हाला ते दुकानात जायच्या आधीपासून माहीत होतं."

"अगं, गंमत चाललीय," कोणी तरी म्हणालं.

"ब्लॉक वाकायला इंजिन निदान वीस मिनिटं कोरडं चालावं लागतं," ती म्हणाली. आता ती माझ्याकडे पाहत नव्हती. "बाबा, धक्क्यापासून इथपर्यंत यायला किती वेळ लागतो?"

"सहा मिनिटं," धाकटा म्हणाला. रोजचं उत्तर, न विचार करता दिलेलं. मग त्याचं हसणं थांबलं. त्याने वेग कमी केला, इतका की पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. तो माझ्याकडे पाहत राहिला, तेवीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं तेवढाच वेळ, आणि मग, मला नव्हे, स्वतःलाच सांगावं तसं, म्हणाला,

"म्हणजे तोटी मी उघडली होती."